गोदीच्या गाळातील युद्ध

२०११ च्या ऑक्टोबर महिन्यात मुंबईच्या गोदीतील गाळ उपसताना सुमारे ४५ किलो वजनाचा एक जिवंत तोफगोळा वर आला. दुसरे महायुद्ध समाप्त होऊन तेव्हा सहासष्ट वर्षे लोटली होती. गोळ्याला मात्र त्याची वार्ता नव्हती. त्याची कुळकथा शोधावयाची तर १४ एप्रिल १९४४ या दिवसापाशी जावे लागते. तो ईस्टरनंतरचा पहिलाच शुक्रवार होता.

त्या दिवशी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचे जहाज उभे होते. इंग्लंडातील बर्कनहेड बंदरातून ते फेब्रुवारीत निघाले, कराचीस थांबले आणि १२ एप्रिलला मुंबईस पोहोचले. त्याच्या पोटात १,३९५ टन दारूगोळा होता. त्याच्या सोबतीस कराचीस चढविलेल्या कापसाच्या हजारो गासड्या, तेलाची पिंपे आणि सोन्याच्या विटा. दारू आणि कापूस यांचा असा शेजार कोणत्या शहाणपणात बसतो, हे युद्धाच्या घाईलाच ठाऊक! दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. बंबवाल्यांनी शेकडो टन पाणी ओतले, परंतु आग कोठे धुमसत आहे हेच उमगेना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेजारचे 'जलपद्मा' हे जहाज उचलले जाऊन धक्क्यावर आदळले. सिमल्याच्या भूकंपमापकावर हादऱ्याची नोंद झाली. एक सोन्याची वीट मैलभर उडून एका घराचे छप्पर फोडून आत पडली. शेकडो माणसे दगावली. त्यांत अग्निशामक दलाचे सहासष्ट जवान होते. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, तो त्यांच्याच स्मरणार्थ. युद्धकालीन निर्बंधांमुळे ही बातमी प्रसिद्ध करण्यास मुभा मिळाली ती थेट मे महिन्यात. तत्पूर्वी जपान्यांच्या ताब्यातील सायगाव नभोवाणीने ती जगास सांगून टाकली होती.

त्यानंतर सुमारे आठ हजार माणसांनी सात महिने खपून जवळजवळ पाच लाख टन ढिगारा उपसला आणि गोदी पुन्हा चालू केली. तथापि जहाजावरचे सारेच काही त्या दिवशी फुटले नव्हते. स्फोटाने उधळलेले पुष्कळसे सामान पाण्याच्या तळाशी रुतून बसले. पुढे कित्येक वर्षे गाळ उपसताना मधूनमधून सोन्याच्या विटाही सापडत राहिल्या व त्या ब्रिटिश सरकारकडे पोचत्या झाल्या. गोळे परत मागणारा मात्र कोणी नव्हता.

न फुटलेला बाँब जुना झाला म्हणजे निरुपद्रवी होतो, ही समजूत घातक आहे. आतली दारू चिखलात दशकानुदशके शाबूत राहू शकते. गंजते ते बाहेरचे कवच आणि फ्यूज. आणि गंजलेला फ्यूज केव्हा काय करील, याचा नेम नसतो. जर्मनांनी तर हा बेभरवसा मुद्दाम घडविला. त्यांच्या एका फ्यूजमध्ये घड्याळ असे; बाँब पडल्यावर बहात्तर तासांपर्यंतही तो थांबून राहू शके. दुसरा एक फ्यूज बाँब यत्किंचित हलविला तरी उडे. एकाच बाँबमध्ये दोन्ही बसविले म्हणजे थांबणेही जिवावरचे आणि हात लावणेही जिवावरचे. लंडनमध्ये अर्ल ऑफ सफोक हा उमराव, त्याची चिटणीस आणि त्याचा मोटारचालक असे तिघे मिळून हे काम करीत. सहकारी त्यांना 'पवित्र त्रैक्य' म्हणत. चौतीस बाँब त्यांनी निकामी केले, अशी त्यांची ख्याती आहे. १२ मे १९४१ रोजी पुढच्या बाँबने तिघांचाही एकदम बळी घेतला.

याच जातीच्या धैर्याचे उदाहरण महाराष्ट्राच्या अगदी निकट आहे. खडकी हे ज्या पलटणीचे माहेर, त्या बॉम्बे सॅपर्सचा सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत हा अवघ्या बावीस वर्षांचा अधिकारी १९४१ च्या आरंभी ॲबिसिनियात होता. माघार घेणाऱ्या इटालियन सैन्याने वाटेवर सुरुंग पेरले होते. मागून येणाऱ्या फौजेसाठी वाट मोकळी करणे हे त्याचे काम. चार दिवस, पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत, त्याने पंचावन्न मैलांच्या वाटेवरील पंधरा सुरुंगक्षेत्रे शोधून साफ करविली. दोनदा त्याची गाडी सुरुंगावर उडाली आणि सोबतची माणसे पडली. तिसऱ्या वेळी दबा धरून बसलेल्या शत्रूने जवळून गोळीबार केला. एका कानाचा पडदा फाटला, शरीर थकून गेले, तेव्हा वरिष्ठांनी त्यास विश्रांती देऊ केली. त्याने ती नाकारली. कारण सांगितले ते असे, की आता या कामाची आपणास चांगली माहिती झाली आहे. नवा माणूस आला तर त्यास ती पुन्हा प्रारंभापासून शिकावी लागेल. जूनमध्ये त्यास व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. दुसऱ्या महायुद्धात तो मिळविणारा हा पहिला भारतीय अधिकारी होय.