पावणेतीनच्या आधी

२६ एप्रिल २००३, शनिवार. अमेरिकेतल्या युटा राज्यातलं ब्लूजॉन कॅन्यन. दुपारी पावणेतीनच्या सुमाराला तिथे सुटलेला दगड आपल्याकडेही अनेकांना माहीत आहे, कारण डॅनी बॉयलने त्यावर '१२७ अवर्स' काढला आणि संगीत ए. आर. रेहमानचं होतं. सिनेमा पाहून आलेले लोक कापलेल्या हाताबद्दल बोलतात. मला मात्र त्याआधीचे तास छळतात.

निघताना. अ‍ॅरन राल्स्टन, वय २७. मेकॅनिकल इंजिनिअर. नोकरी सोडून डोंगरांच्या ओढीने कोलोरॅडोतल्या अ‍ॅस्पेनला राहायला आलेला. तिथली चौदा हजार फुटांवरची शिखरं भर हिवाळ्यात एकट्याने चढायची, हा त्याचा ध्यास. म्हणजे नवखा अजिबात नव्हे. पण या वेळी कोणत्या दरीत उतरणार, कुठून वर येणार, कधी परतणार, हे त्याने कुणालाच सांगितलेलं नाही. युटाला जातोय, एवढंच. आणि युटा म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ पाऊणपट मुलूख.

इथे मी दर वेळी अडखळतो. सह्याद्रीत आम्ही पायथ्याच्या गावात एखाद्या घरी जेवणाचं सांगून वर जातो. 'मावशी, सहा जणांच्या भाकरी टाका, चारपर्यंत उतरतो.' आपल्याला वाटतं, आपण जेवणाची सोय केली. खरं तर त्या घराला आपली वाट बघायला लावलेली असते. पाच वाजले, भाकरी गार झाल्या की मावशी अंगणात येऊन डोंगराकडे बघते, कुणाला तरी हाक मारते. त्या शनिवारी अ‍ॅरनच्या नावाची भाकरी कुठेच टाकलेली नव्हती.

सकाळ. बेत मोठा देखणा. गाडी हॉर्सशू कॅन्यनच्या तोंडाशी ठेवायची. तिथून सुमारे २४ किलोमीटर सायकल मारून ब्लूजॉनच्या वरच्या टोकाला जायचं, सायकल तिथेच सोडायची, चिंचोळ्या घळीतून उतरत हॉर्सशूमध्ये यायचं, 'ग्रेट गॅलरी'तली हजारो वर्षांपूर्वीची भित्तिचित्रं बघायची आणि गाडीपाशी निघायचं. शेवटी गाडी घेऊन सायकल आणायला जायचं. झाली फेरी पूर्ण. त्याने सायकल एका ज्युनिपरच्या झाडाला कुलूप लावून बांधली आणि पायी उतरू लागला.

एखादा पायी निघाला असता, तर गाडीपासून त्याचा माग तरी लागला असता. इथे गाडी एका टोकाला, सायकल दुसऱ्या टोकाला आणि माणूस मधल्या घळीत.

मधले तास. वाटेत दोन तरुणी भेटल्या, त्याही भटक्याच. तिघं बरोबर चालली, गप्पा रंगल्या. फाटा आला तेव्हा त्यांनी त्याला आपल्याबरोबर बाहेर पडायचा आग्रह केला. त्याला ठरलेली वाट पुरी करायची होती. संध्याकाळी भेटायचं मोघम ठरलं. भेटलो तर भेटलो, अशा बोलीचं. तो आला नाही, तर त्याचा बेत बदलला असेल, असंच कुणालाही वाटणार. दोनच्या आसपास ते वेगळे झाले.

पावणेतीन. घळ इथे जेमतेम तीन फूट रुंद. दोन भिंतींच्या बेचक्यात वरून आलेले धोंडे अडकून बसलेले. असाच एक धोंडा, वजन साडेतीनशे किलोच्या वर. त्याने पायाने दाबून पाहिला, पक्का वाटला. त्यावर उतरला, कड धरून खाली लोंबकळला. तेवढ्यात हाताखाली धोंडा फिरला. त्याने हात सोडले, पाय जमिनीला लागले आणि वर पाहतो तर दगड अंगावर येतोय. डोकं वाचवायला हात वर गेले. आधी डावा हात चेचला गेला, तो त्याने हिसडून काढला. उजवा मनगटापाशी धोंडा आणि भिंत यांच्यामध्ये गेला, तो गेलाच. सगळं मिळून दोन-तीन सेकंद.

तिन्हीसांजेपर्यंत. खेचून पाहिलं, खांद्याने रेटून पाहिलं. मग पिशवी एका हाताने उघडून हिशेब: दोन बरिटो, एक लिटरही नाही एवढं पाणी, दोर, कॅमेरा, एक स्वस्तातलं बोथट पातं. अंगात टी-शर्ट आणि अर्धी चड्डी. त्याने पात्याने दगड टोकरायला घेतला.

पुढचे पाच दिवस त्याने दोराच्या कप्प्या करून पाहिल्या, घरच्यांसाठी निरोप चित्रित केले, भिंतीवर आपलं नाव आणि मृत्यूची तारीख कोरली. गुरुवारी, १ मे रोजी, हाताची दोन्ही हाडं मोडून त्याने तो कापला, जवळपास वीस मीटर दोरावरून उतरला आणि चालत निघाला. वाटेत एका डच कुटुंबाने त्याला पाणी आणि बिस्किटं दिली. तो कामावर आला नाही म्हणून तोवर शोध सुरू झाला होता, हॉर्सशूपाशी गाडी सापडली होती. त्यामुळेच हेलिकॉप्टर त्याच दरीवर घिरट्या घालत होतं.

नंतर दगडाखालचा हात काढायला तेरा माणसं गेली. सोबत विंच आणि हायड्रॉलिक जॅक होते.