नाकाची साक्ष

1833 च्या सप्टेंबर महिन्यात 'टस्कनी' नावाचे जहाज कलकत्त्यास आले. अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांतून कापून काढलेला बर्फ त्याच्या पोटात होता. पुढे मुंबई आणि मद्रास येथेही असा बर्फ येऊ लागला व त्याच्यासाठी खास बर्फघरे बांधली गेली. त्या बर्फाचा दोष एवढाच, की तो वाटेत वितळे. पण बर्फघरातील नोकराच्या जिवावर तो उठत नसे.

यंत्राने बर्फ करण्याची विद्या आली, तेव्हा हे चित्र पालटले. फ्रान्समध्ये फर्डिनांड कारे याने 1859 मध्ये आणि जर्मनीत कार्ल फॉन लिंडे याने 1876 च्या सुमारास अमोनियावर चालणारी शीतयंत्रे सिद्ध केली. द्रवरूप अमोनिया उणे 33 अंशांवर उकळतो आणि उकळताना सभोवतालची उष्णता शोषून घेतो. तो पुन्हा दाबावा, पुन्हा द्रवरूप करावा, की चक्र चालू राहते. मांस, दूध, मासळी, बटाटे यांचा मोठा व्यापार या चक्रावर उभा राहिला.

परंतु हाच वायू नळांबाहेर पडला, की डोळ्यांतील व फुप्फुसांतील ओलावा शोधतो. हवेच्या दहा लक्ष भागांत त्याचे 300 भाग झाले, तरी जिवाला धोका संभवतो. त्याचा उग्र दर्प मात्र त्याहून कितीतरी आधी जाणवतो. शीतगृहातील जुने मिस्त्री जळती गंधकाची कांडी जोडांजवळ फिरवीत. पांढरा धूर उठला, की तेथे गळती आहे असे समजत. ओला तांबडा लिटमस कागद निळा होई. आज हे काम विद्युत्‌यंत्रे करतात. त्यांची गरजही खरी आहे. कारण त्या वासात सतत वावरणाऱ्याचे नाक हळूहळू बधिर होते, आणि रात्री ओस पडलेल्या यंत्रघरात तर नाकच नसते.

तथापि सूचना मिळणे आणि सूचना मानणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅनडातील फर्नी या गावी बर्फावरील खेळांचे एक सार्वजनिक क्रीडागृह आहे. तेथील शीतक पात्र 1987 सालचे होते. ते बदलावे, अशी शिफारस 2010 मध्ये झाली. ती पुढे ढकलली गेली. 2017 च्या हंगामापूर्वी केलेल्या तपासणीत खाऱ्या द्रावणात अमोनिया आढळला, म्हणजे आतील नळी फुटल्याची खूण मिळाली. तरीही यंत्र चालू करण्यात आले. 17 ऑक्टोबरच्या पहाटे धोक्याची घंटा वाजली. त्याच दिवशी एक जोड निखळला, वायू यंत्रघरात पसरला आणि तेथे काम करणारे तिघे जण प्राणास मुकले. यात सूचनेची उणीव कोठेच नव्हती. शिफारस होती, तपासणी होती, घंटाही वाजली होती.

आपल्या देशाने हा धडा 1984 मध्ये भोपाळ येथे फार मोठी किंमत देऊन घेतला. त्यानंतर 1948 च्या कारखाने अधिनियमात 1987 साली दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियांसाठी एक नवे प्रकरण त्यात आले. निकटच्या धोक्याची सूचना देण्याचा कामगाराचा हक्क त्यात मान्य करण्यात आला. इतकेच नव्हे, तर सूचना मिळताच उपाय योजण्याची जबाबदारी कारखान्याच्या चालकावर टाकण्यात आली. मला या तरतुदीचे महत्त्व फार वाटते. कामगाराच्या नाकाला कायद्याने येथे साक्षीदाराचे स्थान दिले.

कचेरीत बसणाऱ्या आम्हा लोकांना 'पुढील वर्षीच्या अंदाजपत्रकात विचार व्हावा' असा शेरा लिहिणे सोपे असते. त्या शेऱ्याने कागद थांबतो. नळीचे झिजणे मात्र थांबत नाही. म्हणून शीतगृहाची तपासणी करणाऱ्याने गळतीसूचक यंत्र कोठे बसविले आहे हे पाहावेच. पण त्याबरोबर एक प्रश्नही विचारावा : घंटा वाजली, तर कोणालाही न विचारता यंत्र बंद करण्याचा अधिकार येथे रात्रपाळीच्या माणसाला आहे काय?