उलिसिस गिमाराइन्स : ब्राझीलमधील लोकशाहीची पुनःस्थापना आणि एका पक्षाध्यक्षाची संसदीय कारकीर्द

प्रस्तावना :
१९६४ ते १९८५ या कालखंडात ब्राझीलवर लष्कराची सत्ता होती. या राजवटीने संसद व निवडणुका कायमच्या रद्द केल्या नाहीत. त्या आपल्या सोयीच्या नियमांत जखडून ठेवल्या. अशा संस्थांमध्ये विरोधकांनी सहभागी व्हावे की त्यांवर बहिष्कार टाकावा, हा तेथील राजकारणातील कळीचा प्रश्न होता. उलिसिस गिमाराइन्स यांची कारकीर्द या प्रश्नाच्या संदर्भात अभ्यसनीय ठरते.

प्रारंभीची वाटचाल :
गिमाराइन्स यांचा जन्म १९१६ मध्ये साओ पावलो प्रांतात झाला. कायद्याचे शिक्षण घेऊन ते १९४७ मध्ये प्रांतिक विधानसभेत आणि १९५१ मध्ये संघीय प्रतिनिधीगृहात आले. पुढे मृत्यूपर्यंत ते या गृहाचे सदस्य राहिले. १९५६ ते १९५८ या काळात त्यांनी गृहाचे अध्यक्षपद भूषविले, तर १९६१-६२ मध्ये टँक्रेडो नेव्हिस यांच्या मंत्रिमंडळात ते उद्योग व व्यापार मंत्री होते. १९६४ च्या लष्करी उठावास प्रारंभी त्यांचा पाठिंबा होता, ही बाब मात्र नजरेआड करता येत नाही. १९६५ मध्ये जुने पक्ष बरखास्त झाले आणि सरकारी 'आरेना' व विरोधी 'ब्राझिलियन लोकशाही चळवळ' असे दोनच पक्ष उरले. १९७१ मध्ये गिमाराइन्स या विरोधी पक्षाचे अध्यक्ष झाले.

प्रतिउमेदवारी :
राष्ट्राध्यक्षाची निवड त्या वेळी निर्वाचक मंडळामार्फत होई व तेथे सरकारी पक्षाचे बहुमत निश्चित असे. तरीही १९७३ मध्ये गिमाराइन्स यांनी स्वतःस 'प्रतिउमेदवार' म्हणून घोषित केले. उपाध्यक्षपदासाठी बार्बोझा लिमा सोब्रिन्यो त्यांच्यासमवेत होते. विजय मिळविणे हा हेतू नव्हताच. प्रचाराच्या निमित्ताने देशभर फिरून निवडणुकीचा फोलपणा उघड करणे हे उद्दिष्ट होते. मतदानापूर्वी माघार घ्यावी, असा पक्षातील जहाल गटाचा आग्रह होता. तो गिमाराइन्स यांनी मानला नाही. जानेवारी १९७४ मध्ये जनरल एर्नेस्तो गायझेल यांना ४००, तर त्यांना ७६ मते पडली. जहाल गटाने निषेध म्हणून मतदानात भाग घेतला नाही. परंतु त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सिनेटच्या २२ पैकी १६ जागा विरोधी पक्षाने जिंकल्या. या यशास महागाईसारखी अन्य कारणेही होती. तथापि मतदारांसमोर पर्याय उभा ठेवण्याचे धोरण निष्फळ नव्हते, हे त्यातून दिसून आले.

थेट निवडणूक व संविधान :
१९८४ मध्ये राष्ट्राध्यक्षाच्या थेट निवडणुकीसाठी विराट जनआंदोलन झाले व गिमाराइन्स त्याचे प्रमुख नेते ठरले. २५ एप्रिल रोजी घटनादुरुस्तीस २९८ मते मिळाली. आवश्यक ३२० मतांना ती २२ ने कमी पडली. त्यानंतर पक्षाने पुन्हा निर्वाचक मंडळाचाच मार्ग स्वीकारला आणि जानेवारी १९८५ मध्ये नेव्हिस विजयी झाले. पदग्रहणापूर्वीच ते आजारी पडले व एप्रिलमध्ये निधन पावले. सत्ता जोझे सार्ने यांच्याकडे गेली. सार्ने हे पूर्वी आरेनाचेच नेते होते.

१९८७ मध्ये ५५९ सदस्यांच्या संविधानसभेचे अध्यक्षपद गिमाराइन्स यांच्याकडे आले. ५ ऑक्टोबर १९८८ रोजी संविधान जाहीर करताना त्यांनी त्यास 'नागरिकांचे संविधान' म्हटले. सेन्सॉरशिपवर बंदी, आरोग्यसेवेचा सार्वत्रिक हक्क आणि सोळाव्या वर्षापासून ऐच्छिक मताधिकार या त्यातील महत्त्वाच्या तरतुदी होत.

समारोप :
ज्या थेट निवडणुकीसाठी गिमाराइन्स झटले, ती १९८९ मध्ये झाली तेव्हा त्यांना पाच टक्क्यांहूनही कमी मते पडली. सार्ने सरकारला पक्षाने दिलेली साथ व त्या काळातील प्रचंड चलनवाढ यांची किंमत त्यांना मोजावी लागली. १९९१ मध्ये पक्षाध्यक्षपदही गेले. १२ ऑक्टोबर १९९२ रोजी आंग्रा दोस रेइस नजीकच्या समुद्रात हेलिकॉप्टर कोसळून त्यांचा मृत्यू झाला. त्यांचा मृतदेह सापडला नाही.

सदोष संस्थांत राहून काम करण्याच्या मार्गाने राजवटीची वैधता खिळखिळी केली. मात्र त्याच मार्गातील तडजोडींमुळे जुन्या व्यवस्थेतील माणसे नव्या व्यवस्थेतही टिकून राहिली. गिमाराइन्स यांचे मूल्यमापन करताना या दोन्ही बाजू विचारात घेणे आवश्यक ठरते. राष्ट्राध्यक्षपद त्यांना लाभले नाही. परंतु पुढील राष्ट्राध्यक्षांना ज्या नियमांनी बांधले, ते त्यांच्या अध्यक्षतेखाली घडले.