वाऱ्याच्या खालच्या अंगाला

दोस्तहो, आपल्या कवितेत वादळ फार झालं. निळं वादळ, विद्रोहाचं वादळ, भीमवादळ. एकही कविसंमेलन वादळाशिवाय पार पडत नाही. वादळाला माझा विरोध नाही. पण या वादळाची वंशावळ कोणी तपासत नाही, म्हणून हा लेख.

१६ ऑगस्ट १८१९. मँचेस्टरच्या सेंट पीटर मैदानावर साठेक हजार माणसं जमली, त्यात सूत कातणारे, कापड विणणारे भरपूर. मागणी काय, तर प्रतिनिधित्व द्या. त्यांच्यावर तलवारी घेऊन घोडेस्वार सोडले. पंधराच्या वर माणसं मेली, शेकड्यांनी जखमी झाली. शेली तेव्हा इटलीत होता. बातमी कळल्यावर त्यानं या हत्याकांडावर संतापाची दीर्घ कविता लिहिली, आणि त्याच साली ऑक्टोबरात फ्लॉरेन्सजवळच्या रानात पश्चिमवाऱ्यावरची त्याची प्रसिद्ध कविता झाली. तिच्यातलं वारं एकच आहे. ते मेलेली पानं झाडून काढतं आणि तेच बी मातीत नेऊन निजवतं. मोडणं आणि जपणं ही त्याच्याकडं दोन वेगळी खाती नाहीत. ही कविता नुसतं निसर्गवर्णन म्हणून वाचणाऱ्यानं विणकरांचं रक्त पुसून टाकलं असं मी समजतो.

ते मँचेस्टर आपल्याला परकं नाही. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, तिकडचा कापूस अडला, आणि गिरणीमालकांच्या नजरा इकडच्या काळ्या मातीकडं वळल्या. हिंगणघाटच्या कापसाचं नाव होतंच. १८६७ साली वर्ध्यावरून नागपूरला आगगाडी गेली. पेटर्लूच्या त्या विणकरांच्या नातवंडांच्या हाताखालून माझ्या पणजीनं वेचलेला कापूस गेलाही असेल.

आता मराठीकडं या. कुसुमाग्रजांचं 'कोलंबसाचे गर्वगीत' (विशाखा, १९४२) ही मराठीतली वादळाची मोठी कविता. गुलामीच्या काळात तिनं पोरांना बळ दिलं, हे मान्य. पण ते वादळ जहाजावरच्या कप्तानाचं आहे. १४९२ ला ते जहाज ज्या किनाऱ्याला लागलं तिथल्या माणसांचं पुढं काय झालं? त्यांना गुलाम केलं. किनाऱ्यावरच्यांचं गाणं त्यात कुठं आहे? आपण वादळ उसनं घेतलं ते बहुतेक या कप्तानाकडून.

आणि वादळ आलं की पहिला पत्रा कोणाचा उडतो? माडीवाल्याचा उडत नाही. १९७८ च्या २७ जुलैला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. आगीला झोपडीवरून झोपडीवर नेतं ते वारंच.

गावाची रचनाही पाहा. महारवाडा वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे आमच्यावरून गेलेलं वारं गावावर जाऊ नये, अशी वसवलेली गावं जुनी माणसं अजून दाखवतात. गावाचं उष्टं वारं मात्र आम्ही छातीत घ्यायचं. सावलीचा विटाळ पुस्तकात आला, वाऱ्याचा विटाळ कवितेत फारसा आला नाही.

मऊ वारं म्हणजे बागेतली झुळूक, हेही खरं नाही. बहिणाबाई चौधरींनी 'उपननी'त वाऱ्याला हाक मारली ती खळ्यावर, कामाला. वारं पडलं तर दाणा भुसातून निघत नाही. शिकल्यासवरल्या कवींच्या झुळकांपेक्षा मला हे वारं मोठं वाटतं. पण त्याच खळ्याच्या कडेला आपली माणसं बलुत्यासाठी ताटकळत उभी असायची, आणि दाणे भरून गेले की मातेरं त्यांच्या पदरात. १९२८ साली बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध कौन्सिलात बिल मांडलं, ते या पदर पसरण्याविरुद्धच होतं.

हीच उपणणी गिरणीत आहे. ब्लोरूममध्ये यंत्राचं वारं रुईला फुंकतं, हलकी रुई पुढं जाते, जड कचरा खाली पडतो. उडालेली धूळ आमच्या फुप्फुसात. सूत कोरड्या हवेत तुटतं म्हणून खिडक्या बंद, वरून पाण्याचा फवारा. सूत सांभाळायचं, माणूस गुदमरला तरी चालेल! सुट्टी करून आल्या दिवशी छाती आवळते, त्या दुखण्याला डॉक्टर बिसिनोसिस म्हणतात. आमच्यात म्हणतात, "आज हवा जड आहे."

पाळी सुटल्यावर वणा नदीकडून जे वारं तोंडावर येतं ते वादळ नाही. गेटाबाहेर माणसं दोन मिनिटं नुसती उभी राहतात, बिडीसुद्धा पेटवत नाहीत. या वाऱ्यावर आपल्यापैकी कोणाची कविता माझ्या वाचनात आली नाही. असेल तर अंकाकडं पाठवा.