नाक, गळा आणि लाळ

मागच्या व्याख्यानानंतर खाली चहा घेत उभा होतो, तेव्हा एक बाई भेटल्या. निवृत्त शिक्षिका. पस्तीस वर्षं वर्गात बोलण्यात गेली आणि आता भजनी मंडळात खंजिरीवर राष्ट्रसंतांची भजनं म्हणतात. त्या म्हणाल्या, "सर, इतिहास राहू द्या बाजूला, मले एक सांगा. मी चेहऱ्याचं ऑपरेशन करून घ्यायचं म्हणते. फेसलिफ्ट. डॉक्टर म्हणतात, नुसती कातडी ताणून भागणार नाही, जबड्याखालच्या लाळेच्या गाठीही थोड्या छाटाव्या लागतील. करू का नको?"

आता मी काही डॉक्टर नाही. वैद्यकाच्या इतिहासाचा अभ्यासक आहे, तेव्हा "विचार करून सांगतो" म्हणालो आणि सुटलो. पण प्रश्न काही सुटला नाही. महिनाभर डोक्यात राहिला. आजचं व्याख्यान म्हणजे त्या बाईंना दिलेलं उशिराचं उत्तर समजा.

आधी ही ग्रंथी कुठे असते ते बघू. अंगठा हनुवटीखाली ठेवा आणि जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेनं मागे सरकवा. अर्ध्या वाटेवर काहीतरी मऊ, गोलसर लागतं. दोन्ही बाजूंना एकेक. या जबड्याखालच्या लाळग्रंथी. जेवताना तोंडाला पाणी सुटतं तेव्हा कानापुढच्या मोठ्या ग्रंथी जोरात काम करतात. पण आपण नुसते बसलेले असतो, बोलत असतो, झोपलेले असतो, तेव्हा तोंड ओलं ठेवण्याचं निम्म्याहून अधिक काम या जबड्याखालच्या जोडीचं असतं. दिवसभरात अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. कोरड पडली की मग कळतं.

आता इतिहासाकडे. आपल्या भाषेत अब्रू गेली की "नाक कापलं" म्हणतात. हा नुसता वाक्प्रचार नाही, एके काळी ती शिक्षाच होती. तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात इंग्रजी फौजेबरोबर कावसजी नावाचा एक गाडीवान होता. शेतकरी जातीचा मराठा, अशी त्याची नोंद आहे. टिपूच्या लोकांनी त्याला पकडलं आणि त्याचं नाक आणि एक हात कापला. पुढे वर्षभर तो बिननाकाचा वावरला. मग पुण्याजवळच्या एका माणसानं त्याला नवं नाक करून दिलं. हा माणूस वैद्य नव्हता, विटा भाजणाऱ्यांच्या जातीतला होता. त्यानं मेणाचं नाक करून बसवून पाहिलं, तेच मेण सपाट करून कपाळावर ठेवलं, त्याभोवती रेघ मारली, तेवढी कातडी सोडवली, पण भुवयांच्या मधला देठ तसाच ठेवला म्हणजे रक्त चालू राहील, आणि ती कातडी पिळून खाली वळवून नाकाच्या जागी चिकटवली. चिकटवायला काय? काथ. आपण पानाला लावतो तोच, पाण्यात कालवलेला. मुंबईहून आलेल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिलं. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये कावसजीच्या चित्रासकट हकीकत छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जननं वीस वर्षं प्रेतांवर सराव केला, १८१४ मध्ये लंडनमध्ये पहिलं ऑपरेशन केलं आणि १८१६ मध्ये पुस्तक लिहिलं. युरोपातल्या आधुनिक प्लास्टिक सर्जरीचा धागा असा पुण्याच्या एका अनामिक कारागिराशी जाऊन पोचतो. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, इंग्रज डॉक्टरांची मात्र ठेवली. असो.

मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. कावसजी नाकाशिवाय जिवंत होता. श्वास चालू होता, जेवण चालू होतं. तरी त्यानं भूल नसलेल्या काळात कपाळ सोलून घेतलं. का? चार माणसांत तोंड दाखवता यावं म्हणून. म्हणजे चेहऱ्याची शस्त्रक्रिया पहिल्यापासून दुसऱ्याच्या नजरेसाठी आहे. "हे सगळं सौंदर्याचं खूळ परदेशातून आलं" असं जे म्हणतात त्यांनी कावसजीला विसरू नये.

आता आपल्या विदर्भात येऊ. स्वतंत्र भारतातला प्लास्टिक सर्जरीचा पहिला स्वतंत्र विभाग नागपूरच्या मेडिकल कॉलेजात १९५८ मध्ये डॉ. सी. बालकृष्णन यांनी उभा केला. फाटलेले ओठ, दुभंगलेली टाळू, भाजलेले हातपाय अशी कामं तिथे होत. ओठ-टाळूच्या व्यंगांच्या त्यांनी केलेल्या वर्गवारीला सर्जन लोक आजही 'नागपूर वर्गीकरण' म्हणतात.

आणि आपली अमरावती? इथे १९४६ मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी, म्हणजे आपल्या दाजीसाहेबांनी, तपोवन सुरू केलं. कुष्ठरुग्णांनी स्वतः कष्ट करून मानानं जगावं म्हणून. तुमच्यापैकी किती जण लहानपणी तपोवनाच्या रस्त्यानं जायला भ्यायचे? हात वर करायची गरज नाही, मीही भ्यायचो. कशाला भ्यायचो? चेहऱ्यांना. कुष्ठरोगात नाकाच्या आतलं अस्तर झिजून नाक बसतं, भुवया गळतात. आणि एका प्रकारात चेहऱ्याची कातडी रोगानं फुगून जाड होते. डॅप्सोन आल्यावर रोग हटला, सूज उतरली, पण ताणलेली कातडी मागे राहिली, लोंबणारी. तिशीतला माणूस साठीचा दिसायचा. रोग बरा झाला तरी चेहरा सांगत राहायचा, की हा तोच. गाव परत घेत नसे.

अशा माणसांसाठी डॉ. नोशीर अँटिया यांनी पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात काम सुरू केलं. इंग्लंडात सर हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली तयार झालेला हा सर्जन. बसलेली नाकं उचलणं, डोक्यावरच्या केसाळ कातडीतून भुवया करणं, आणि हो, फेसलिफ्ट. कानापुढून छेद घेऊन सैल कातडी ओढायची आणि जास्तीची कापून टाकायची. मुंबईच्या नट्यांसाठी असते ती शस्त्रक्रिया कोंढव्यात कुष्ठरुग्णाच्या वाट्याला आली. फेसलिफ्ट म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांना मी नेहमी ही हकीकत सांगतो.

तिकडे युरोपात ती कशी सुरू झाली? १९०१ मध्ये बर्लिनच्या ऑयगेन होलेंडर यांच्याकडे एक खानदानी पोलिश बाई आल्या आणि कानापाशी कातडीचे तुकडे कापून गाल ओढा, असा हट्ट धरला. डॉक्टरला कल्पना पेशंटनं दिली! पुढे पॅरिसमध्ये सुझान नोएल या डॉक्टर बाईंनी यात नाव काढलं. १९२६ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं साधं होतं, की नोकरी करणाऱ्या बाईचं वय चेहऱ्यावर दिसलं की तिच्या पोटावर पाय येतो, तेव्हा ही चैन नव्हे.

या सगळ्यांनी फक्त कातडी कापली. अडचण अशी, की कातडी रबरासारखी परत सैल होते. म्हणून सर्जन खोल गेले. १९७४ मध्ये स्वीडनच्या स्कूग यांनी कातडीखालचा थर तिच्यासकट उचलला. १९७६ मध्ये मित्झ आणि पेरोनी यांनी त्या थराची नीट रचना मांडली. १९९० मध्ये अमेरिकेतल्या हॅम्रा यांनी त्याहून खोलची पद्धत सांगितली. गाल घट्ट झाले, मग मान सैल दिसू लागली. मान घट्ट केली, हनुवटीखालची चरबी काढली, तर तिच्या आडोशाला असलेली लाळग्रंथी पुढे आली. घराला नवा रंग दिला की जुनं दार खटकायला लागतं, तसं. १९९१ मध्ये ब्राझीलच्या सर्जनांनी केवळ दिसण्यासाठी ही ग्रंथी कापण्यावर लेख लिहिला, आणि तेव्हापासून यावर दोन तट आहेत.

म्हणजे त्या बाईंच्या गळ्याखाली जे दिसतं आहे, त्यातला काही भाग आधीच्या सुधारणांनी उघडा पडलेला असतो. ग्रंथी वयानं खरंच खाली उतरते, की आजूबाजूचं मांस ओसरल्यानं नुसती दिसू लागते, यावर सर्जनांतही एकमत नाही.

छाटणीच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं पोकळ नाही. ते सगळी ग्रंथी काढत नाहीत. तिच्या वेष्टनात शिरून जबड्याच्या रेषेखाली डोकावणारा तुकडा तेवढा कापतात. खडा झाला की एका बाजूची अख्खी ग्रंथी काढतातच, आणि ती माणसं नीट जेवतात. लाळ गळणाऱ्या मुलांच्या ग्रंथींवरही डॉक्टर मुद्दाम शस्त्रक्रिया करतात. जे सर्जन ही छाटणी करतात, त्यांच्या लेखांत कायमची कोरड क्वचितच दिसते.

पण हे लेख बहुतेक त्या सर्जनांनीच आपापल्या पेशंटवर लिहिलेले आहेत, हेही ध्यानात घ्या. आणि ग्रंथीचा शेजार मोठा नाजूक आहे. तिच्याला लागून चेहऱ्याची धमनी जाते. तिथे ऑपरेशननंतर रक्त साकळलं तर श्वासाची वाट दाबली जाऊ शकते. वरून खालच्या ओठाला हलवणारी नस जाते. ती दुखावली तर हसू वाकडं होतं, बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येतं, कधी येत नाही. कापलेल्या तुकड्यातून लाळ आतल्या आत झिरपून गळ्यात साचू शकते. मग सुईनं उपसा, पट्टी बांधा, ग्रंथी गप्प करणारं इंजेक्शन द्या.

आता वऱ्हाडातलं गणित. इथे मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, तेव्हा चांगल्या माणसाच्याही घशाला कोरड पडते. साठीनंतर रक्तदाबाच्या, झोपेच्या, ॲलर्जीच्या गोळ्या सुरू होतात आणि त्यांतल्या कित्येक लाळ कमी करतात. मधुमेहानंही तोंड सुकतं. लाळ कमी झाली की दात किडतात, कवळी टोचते, तोंडाला बुरशी येते. आणि खर्रा! आपल्याकडे घरोघरी तोंडाच्या कॅन्सरचा एखादा तरी पेशंट पाहिलेला असतो. किरणोपचारानंतर तो भाकरीच्या प्रत्येक घासाला पाणी पितो, उशाशी तांब्या ठेवून झोपतो. छाटणीची तुलना त्याच्याशी करणं बरोबर नाही, तिथे ग्रंथी भाजून निघतात, इथे तुकडा जातो. पण कोरडं तोंड म्हणजे काय हे आपल्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

कोंढव्याच्या त्या शस्त्रक्रियेशी तुलना केली तर फरक दिसतो. अँटियांनी जे कापलं ते निरुपयोगी झालेलं होतं, सैल कातडी. लोंबणाऱ्या गळ्याची कातडीही तशीच, तिचं ओझं वाटत असेल तर खुशाल काढावी. ग्रंथी मात्र कामावर आहे. कावसजीनं कपाळ दिलं, पण मोबदल्यात नाक घेतलं. इथे कामाचा अवयव देऊन काय मिळतं? एक सरळ रेषा, तीही बाजूनं पाहिलं तर.

मग माझं उत्तर काय? बाई आज इथे आल्या आहेत, दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत, नाव घेत नाही. बाई, फेसलिफ्ट करायचं असेल तर करा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ग्रंथी मात्र या वेळी राहू द्या. मान घट्ट झाल्यावर फुगवटा उरलाच आणि वर्षभरानंतरही खटकला, तर हनुवटीखालच्या छेदातून तेवढं काम नंतर करता येतं. एकदा कापलेली ग्रंथी मात्र परत लावता येत नाही. आणि डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: अशा किती छाटण्या तुम्ही स्वतः केल्या, रात्री रक्त साकळलं तर दवाखान्यात कोण असतं, आणि माझ्या गोळ्यांची यादी तुम्ही पाहिली का. आधी दाताच्या डॉक्टरांकडून लाळ किती येते तेही पाहून घ्या. दोन-दोन तास भजन म्हणणाऱ्या माणसाला ओला घसा लागतो.

बाई मान हलवत आहेत. हो म्हणून की नाही म्हणून, ते इथून दिसत नाही. चला, प्रश्न घेऊ. मागे कोणीतरी हात वर केलाय, माइक द्या त्यांना.