इराण्याच्या मेजावरील गिऱ्हाईक

मुंबईतील इराण्याच्या बेकरीचे स्वरूप असे : मागे भट्टी, पुढे गल्ला, आणि मधल्या दालनात संगमरवरी मेजे मांडून तेथेच पाव, बिस्किटे व चहा देण्याची सोय. या दुकानांच्या मालकांचा इतिहास बराचसा ज्ञात आहे. इराणातील यझ्द व किरमान या भागांतील जरथुस्त्री लोक छळ, १८८२ पर्यंत चालू असलेला जिझिया कर आणि १८७०-७२ चा भीषण दुष्काळ यांनी गांजून मुंबईस आले, व त्यांतील अनेकांनी चहापावाचा धंदा पत्करला. धोबीतलावावरील कयानी हे दुकान १९०४ मध्ये निघाले, सॅसॅनियन १९१३ मध्ये. परंतु मेजापाशी बसलेले गिऱ्हाईक या इतिहासात मुकेच राहिले आहे. त्याने आपला अनुभव लिहून ठेवला नाही. तो अन्य साधनांवरूनच काढावा लागतो.

तो अनुभव क्षुल्लक नव्हता, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. 'पाव' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि त्याबरोबर बाटण्याचे भयही आले. विहिरीत पावाचा तुकडा टाकून गावे बाटविल्याच्या कथा कोकणात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. पाव पायांनी तुडवितात म्हणून तो 'पाव', ही लोकव्युत्पत्ती भाषाशास्त्रदृष्ट्या टाकाऊ आहे. तथापि किळसेचा पुरावा म्हणून ती मोलाची आहे. १८४९ च्या सुमारास मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश करणाऱ्यास ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे, आणि तोही गुप्तपणे. या सभेचे एक प्रवर्तक दादोबा पांडुरंग हेच मराठीचे व्याकरणकार, हे आमच्या विषयाच्या अभ्यासकांनी विसरू नये. पुण्यास पंचहौद मिशनमध्ये १८९० साली झालेल्या चहाबिस्किटांच्या प्रसंगाने मोठे ग्रामण्य उपस्थित केले. त्यात १८९२ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी कयानी सुरू झाले. ज्या कृत्यास पूर्वी शपथ लागे किंवा ज्याबद्दल प्रायश्चित्त घडे, ते पुढे कारकून आणि विद्यार्थी वर्तमानपत्र वाचता वाचता करू लागले. हे परिवर्तन कोणत्याही ठरावाने झाले नाही. माझ्या मते त्याचे श्रेय सुधारकांच्या व्याख्यानांइतकेच या मेजांनाही द्यावे लागेल.

गिऱ्हाइकाच्या तोंडचे शब्द हे दुसरे साधन होय. 'मस्का' फारसीतून आलेला, 'बन' इंग्रजीतून, 'पाव' पोर्तुगीजातून. 'मस्कापाव' या समासात प्रधान पद शेवटी आहे, आपल्या वळणाप्रमाणे. 'बनमस्का'मध्ये ते आरंभी आले आहे. ज्याला हा भेद कधी जाणवला नाही तोही दोन्ही रूपे बिनचूक वापरतो. 'पानी कम' म्हणजे दाट चहा, हा अर्थ तर कोशात शोधूनही सापडावयाचा नाही; तो मेजापाशीच शिकावा लागतो.

तिसरे साधन भिंतीवरचे. उधार मागू नये, केस विंचरू नयेत, फार वेळ बसू नये, मोठ्याने बोलू नये, अशा सूचनांचे फलक या दुकानांतून लावीत. धोबीतलावावरील बस्तानी हे दुकान आता राहिलेले नाही. निस्सिम इझिकेल यांनी अशा सूचनांवर इंग्रजीत कविता लिहिली, त्यामुळे ते फलक वाङ्मयात शिरले. लोक त्यांकडे विनोद म्हणून पाहतात. भाषाशास्त्राच्या अभ्यासकास मात्र येथे लॅटिनमधील 'प्रोबसचे परिशिष्ट' आठवेल. 'असे म्हणावे, तसे म्हणू नये' या पद्धतीच्या त्यातील दोनशेहून अधिक नोंदींवरूनच लोक प्रत्यक्षात काय बोलत होते ते आपणास कळते. निषेध हा वहिवाटीचा पुरावा असतो. त्या न्यायाने हे फलक वाचले म्हणजे गिऱ्हाईक दिसू लागते : एका कपावर तासभर बसणारे, आरशापुढे भांग पाडणारे, उधारीची गोष्ट काढणारे. घरी ज्याला कोपरा नाही अशा माणसाला एका चहाच्या किमतीत मिळालेली ही बैठक होती. अर्थात एकाने दुसऱ्याचा फलक उतरून घेतला असणे संभवनीय आहे; म्हणून ही साक्ष एका दुकानाची न मानता त्या वर्गाची मानावी.

फलकावरून दुकानदार संशयी वाटतो, पण वहिवाट उलट सांगते. न मागता केक-बिस्किटांची बशी मेजावर येई, आणि खाल्ले तेवढ्याचेच पैसे द्यावयाचे; मोजदाद बहुतांशी गिऱ्हाइकाच्या शब्दावर. उठताना वाढपी तेथूनच रकमेचा पुकारा करी व मालक गल्ल्यावर ती वसूल करी.

स्त्रियांविषयी मात्र यांपैकी कोणतेही साधन फारसे बोलत नाही. अनेक दुकानांतून माळ्यावर किंवा पडद्याआड 'फॅमिली रूम' असे, आणि ती पाटी एवढाच त्यांच्या येण्याचा लेखी पुरावा. कुटुंब या नावाखाली एकटीदुकटी विद्यार्थिनी तेथे बसू शकत होती की नाही, याची साक्ष ज्या वृद्ध स्त्रिया आज देऊ शकतील त्यांच्याकडून ती वेळीच टिपून घ्यावयास हवी.