हात्शेप्सुत : पाषाणावरील शब्द आणि स्वरूप

आपल्या मागे लोक आपल्याविषयी काय म्हणतील, ही चिंता सामान्य माणसास असतेच. परंतु सर्वसत्ताधारी राज्यकर्तीने ती स्वतःच्याच कीर्तिस्तंभावर कोरून ठेवावी, हे विरळा. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी ईजिप्त देशात असे घडले. ती राज्यकर्ती म्हणजे अठराव्या राजवंशातील हात्शेप्सुत.

पहिल्या थुतमोसची ही कन्या आणि दुसऱ्या थुतमोसची पट्टराणी. पतीच्या निधनानंतर, इ. स. पूर्व १४७९ च्या सुमारास, सवतीचा पुत्र तिसरा थुतमोस बालवयातच गादीवर आला व कारभार हिच्या हाती गेला. पुढे सात वर्षांच्या आतच तिने स्वतः राजपद धारण केले. बालराजास मात्र तिने पदच्युत केले नाही. तो सहराजा म्हणून राहिलाच.

तिची खरी अडचण शब्दांची होती. ईजिप्तच्या भाषेत राणीसाठी रूढ असलेल्या पदवीचा अर्थच 'राजाची पत्नी' असा. स्वतःच्या अधिकाराने राज्य करणाऱ्या स्त्रीस निराळे नाव नव्हते. राजा हा होरस देवाचा अवतार, म्हणून पुरुषच. यातून तिने दुहेरी मार्ग काढला. शिल्पांत ती बहुधा राजाचे वस्त्र, शिरोभूषण व कृत्रिम दाढी धारण करून उभी असते. परंतु शेजारच्या लेखांत वारंवार स्त्रीलिंगी रूपे येतात. पूर्वीचे राजे मिरवीत ते 'बलिष्ठ वृषभ' हे बिरुद तिने घेतले नाही, आणि 'श्रेष्ठ स्त्रियांत अग्रगण्य' या अर्थाचे आपले जन्मनामही टाकले नाही. १८२९ मध्ये लिपिज्ञ शांपोल्याँ देर अल्-बहरी येथे गेला, तेव्हा दाढीधारी राजाविषयी स्त्रीलिंगी रूपे वाचून तो बुचकळ्यात पडला.

राज्याभिषेकाचे नाव तिने 'माअतकारे' असे घेतले. माअत म्हणजे सत्य व विश्वाची सुव्यवस्था. आपल्याकडील 'ऋत' या कल्पनेची येथे सहज आठवण व्हावी. देर अल्-बहरीच्या तिच्या मंदिरातील भित्तिशिल्पे सांगतात की, आमुन देव पहिल्या थुतमोसचे रूप घेऊन तिच्या मातेकडे आला, आणि ख्नुम देवाने कुंभाराच्या चाकावर कन्येचा देह घडविला. राज्याचा अधिकार पतीकडून नव्हे, तर प्रत्यक्ष देवाकडून व पित्याकडून आला, हे सांगण्याचा हा मार्ग होता. याच मंदिरात पुंत देशाच्या सफरीची चित्रे आहेत. तिच्या नवव्या राजवर्षातील या सफरीतून सुगंधी डिंकाचे वृक्ष मुळांसह टोपल्यांत घालून आणले गेले. तिच्या शौर्यापेक्षा देवाच्या सेवेचेच हे वर्णन अधिक आहे.

तिचे अंतःकरण मात्र कर्नाकच्या ग्रॅनाइटच्या स्तंभलेखात दिसते. तिने तेथे उभारलेल्या एका जोडीतील एक स्तंभ आजही उभा आहे. उंची सुमारे २९ मीटर, वजन तीनशे टनांहून अधिक, आणि सर्व एकाच शिळेतून. खाणीतील काम सात महिन्यांत पुरे झाले, असे ती नमूद करते. पुढच्या काळी ही स्मारके पाहणारे लोक काय बोलतील, या विचाराने आपले मन इकडेतिकडे फिरते, असे ती म्हणते. शपथ घेऊन ती सांगते की ऐकणाऱ्याने ही बढाई मानू नये. हे तिलाच शोभते, ती आपल्या पित्याशी सत्याने वागली, असे म्हणावे. हा पिता म्हणजे आमुन.

तिच्या मृत्यूनंतर सुमारे वीस वर्षांनी, तिसऱ्या थुतमोसच्या उत्तरकाळात, तिच्या राजरूपातील प्रतिमा छिलल्या गेल्या, नावांच्या जागी पूर्वजांची नावे कोरली गेली. हे वैयक्तिक द्वेषाने झाले असे एके काळी मानीत. परंतु द्वेष असता तर इतकी वर्षे वाट का पाहिली असती? म्हणून पुत्राच्या वारसाहक्काचा प्रश्न त्यामागे असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. पुढे १९२० च्या दशकात मंदिराजवळच्या खड्ड्यांतून भग्न मूर्तींचे तुकडे निघाले आणि ते जुळवून तिचा चेहरा पुन्हा जगासमोर आला.

कर्नाकच्या स्तंभांभोवतीही भिंत बांधली गेली. तिचा हेतू कोणताही असो, त्या भिंतीच्या आड खालचा भाग सुरक्षित राहिला. ज्या भावी पिढ्यांच्या बोलण्याची तिने काळजी वाहिली, त्यांच्यापर्यंत तिचे शब्द पोहोचले. त्यांचे मोल ठरविण्याचे काम मात्र तिने आपल्यावर सोपविले आहे.